घाटगे की घाडगे

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात बांगड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, शामला वैशंपायन यांचं टाइपिंग सेंटर आहे. पाटी हिंदीत आहे आणि तिच्यावर आडनाव ‘बैशम्पायन’ असं रंगवलेलं आहे. पेंटरने एक्क्याण्णव साली ते तसं रंगवलं. शामलाताईंनी तेव्हा दुरुस्त करून घेतलं नाही, आणि नंतर बाजार त्यांना बैशम्पायन मॅडमच म्हणू लागला.

वडील मुकुंदराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी त्या घराची सरळ वाटणी होती. शामलाताईंनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर ‘राहून गेलं’ म्हणतात. पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्याकडे टाइपिंग शिकून गेलेली माणसं ग्वाल्हेरच्या बहुतेक कचेऱ्यांत बसलेली आहेत. त्यांचा आवाज बारीक आहे, बोलणं मोजकं आणि अक्षर फार सुंदर.

मशीन जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा सगळीकडे जुने हिंदी फॉन्ट होते. त्यांत ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटीचं बटन दाबायचं, मग ‘क’चं. पुढे युनिकोड आलं आणि जुना मजकूर त्यात ओतला की सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसू लागल्या. वकिलांची, शाळांची, पतसंस्थांची कागदपत्रं अशी बिघडलेली येत. इतर सेंटरवाले ती पुन्हा टाइप करत. शामलाताईंना त्याचा कंटाळा आला आणि त्यांनी एडिटरमधल्या ‘शोधा आणि बदला’च्या खिडकीतली एक चौकट उघडून पाहिली. तिचं नाव होतं रेग्युलर एक्स्प्रेशन. तिथे शब्द द्यायचा नसतो, शब्दाचा नमुना द्यायचा असतो: आधी वेलांटी, तिच्यामागे कुठलंही एक व्यंजन, अशी जोडी जिथे दिसेल तिथे दोघांची जागा बदल. एका दुपारी त्यांनी तीनशे पानं नीट केली.

पहिल्या महिन्यात चुकाही झाल्या. या भाषेत टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. त्यांनी ‘डॉ.’ शोधून ‘डॉक्टर’ करायला सांगितलं, तर ‘डॉलर’चं ‘डॉक्टरर’ झालं. एका सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा गट करणारा कंस नुसता दिला तरी चाले, दुसऱ्यात त्याच्याआधी तिरपी रेघ दिली नाही तर तो साधा कंसच समजला जाई. तेव्हा त्यांनी एक वही केली. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक पान. तिथे कुठल्या खुणेचा काय अर्थ, आणि कुठली सोय चालू केली की तो अर्थ बदलतो, हे त्या सुंदर अक्षरात लिहून ठेवत. हळूहळू स्वतःचे छोटे प्रोग्रामही लिहू लागल्या. शिकवायला कोणी नव्हतं. इंग्रजी मदतीची पानं डिक्शनरी घेऊन वाचत.

दोन हजार बावीसमध्ये माधवराव त्यांच्याकडे आले. शहराच्या लष्कर भागात मराठी मुलींची एक शाळा होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या ट्रस्टचे माधवराव सचिव. बँकेतून निवृत्त झालेले, घाईचे गृहस्थ. शाळेची एकतीस सालापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंतची दाखल-खारिज, म्हणजे मुलींची नावं घातल्या-काढल्याची, रजिस्टरं ट्रस्टने बाहेरच्या एका एजन्सीकडून टाइप करून घेतली होती. अकरा हजार चारशे मुली. पण ज्या बायका जन्मतारखेचा दाखला मागायला येत, त्यांची नावं सापडत नव्हती.

“सगळं आहे यात, पण शोधलं की काहीच नाही म्हणतं,” माधवराव म्हणाले. “शितोळे टाकलं, नाही. जाधव टाकलं, फक्त चौदा. जाधव फक्त चौदा असतील का हो?”

शामलाताईंनी फाइल उघडली. टाइप करणाऱ्यांना मराठी येत नव्हतं, आणि मूळ लिहिणाऱ्या मास्तरांपैकी निम्म्यांनी हिंदी वळणाने लिहिलं होतं. शितोळे तिथे सितोले होते, सीतोले होते, एके ठिकाणी शीतोड़े होते. जाधव बहुतेक जादव झाले होते. ज्या शहरात फाळक्यांच्या नावाचा बाजार फालका बाजार होतो, तिथे याचं नवल कोणाला वाटणार.

त्यांनी दोन महिने घेतले. आधी कागदावर ठरवलं की शोधताना कुठली अक्षरं एकच मानायची. याला त्या सवलत म्हणत. पहिली सवलत: ळ, ल आणि ड़ एक. दुसरी: श, ष, स एक. तिसरी: व आणि ब एक, ध आणि द एक. चौथी: ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, अनुस्वार आहे की न् तेही नाही. पाचवी: राव, जी, बाई असो वा नसो. प्रत्येक सवलतीला पडद्यावर एक चौकट, खूण केली तर लागू, नाही तर नाही. शोधणाऱ्याने साधं ‘शितोळे’ लिहायचं. आतमध्ये त्याचा नमुना प्रोग्राम स्वतः तयार करी.

सहावी सवलत नंतर आली. चाळीस-पन्नासच्या दशकात जे मास्तर रजिस्टर लिहीत, त्यांच्या हातचा ट आणि ड जवळजवळ सारखा होता, आणि शाईही उडालेली. टाइप करणाऱ्यांनी जे वाटलं ते घेतलं. बापूराव आणि बाबूराव तर लिहिणाऱ्याच्या कानावर होते. म्हणून सहावी: ट आणि ड एक, प आणि ब एक, आणि अक्षराचा पाय मोडलेला असला तरी ते पूर्ण मानायचं.

सहाही सवलती चालू केल्या की त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला पाऊण मिनिट लागे. माधवरावांना ते चालेना. “सापडलं की थांबवा ना त्याला. पुढे कशाला जातंय?” शामलाताईंना ते पटलं. त्यांनी पहिली जुळणारी ओळ मिळाली की शोध थांबेल अशी व्यवस्था केली.

वर्षभरात दोनशेच्या वर दाखले दिले गेले. प्रत्येक वेळी शामलाताई ओळ शोधत, पानाचा फोटो पाहत, आणि त्या ओळीपुढे दाखल्याची तारीख टाकत. माधवराव सही करत.

तेवीसच्या सप्टेंबरमध्ये उमाजी घाटगे आले. सरकारी बससेवेत, रोडवेजमध्ये, डेपो इन्चार्ज होऊन निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे, उंच. पूर्वीच्या पिढ्या फौजेत, त्यामुळे बसले तरी ताठ. त्यांची थोरली बहीण शांताताई यजमान गेल्यापासून माधवगंजात त्यांच्याकडेच राहत होती. तिचा मुलगा राजवर्धन मस्कतला होता आणि आईला काही दिवस तिकडे नेऊ म्हणत होता. पासपोर्टसाठी जन्मतारीख हवी होती.

“शांता बापूराव घाटगे,” उमाजीराव म्हणाले. “सन चाळीस-बेचाळीसचा जन्म असेल. सातवी पास आहे ती. त्या काळात सातवी म्हणजे पक्की गोष्ट होती.”

शामलाताईंनी नाव लिहिलं. नुसतं शोधल्यावर काही मिळालं नाही. सवलती एकेक वाढवत गेल्या. सहावी चालू केल्यावर ओळ आली: क्रमांक तीन हजार सहाशे अठरा, शान्ता बाबूराव घाडगे, जन्म चौदा ऑगस्ट चाळीस, सातवी उत्तीर्ण, त्रेपन्न. त्यांनी फोटो उघडला. पान पिवळं, शाई फिकी. ड होता, पण ट म्हटला तर ट दिसत होता. सातवी जुळत होती, साल जुळत होतं. त्यांनी दाखला तयार केला. आडनावाच्या जागी उमाजीरावांनी सांगितलं तसं ‘घाटगे’ लिहिलं.

उमाजीरावांनी तो दोनदा वाचला आणि मग उठून हात जोडले. संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले असं नंतर कळलं.

जानेवारीत कडाक्याच्या थंडीत एक मुलगी सेंटरवर आली. नाव गरिमा, इंदूरला नोकरीला. तिची आजी आदल्या वर्षी वारली होती.

“मला दाखला नको आहे,” ती म्हणाली. “फक्त बघायचं आहे. आजी नेहमी बोलायची की मैं सातवीं में फर्स्ट आई थी. तर लिहिलं आहे का कुठे, ते.”

“नाव?”

“शांता घाडगे. लग्नाच्या आधीचं. वडिलांचं बाबूराव.”

शामलाताईंनी सवलत लागू न करताच शोधलं, फक्त शांता ऐवजी ‘शान्ता’ लिहून. ओळ लगेच आली. तीन हजार सहाशे अठरा. पुढच्या रकान्यात तारीख होती: दाखला दिला, सप्टेंबर.

त्यांनी क्रमांक पुन्हा वाचला, मग तारीख पुन्हा वाचली. गरिमाने विचारलं, “नाही आहे का?”

“आहे. हीच तुमची आजी. सातवी उत्तीर्ण.”

“फर्स्ट?”

“ते यात लिहीत नसत. फक्त उत्तीर्ण.”

गरिमा थोडी हिरमुसली. तिने पडद्याचा फोटो काढला, मग मूळ पानाचा फोटो मागितला. तो शामलाताईंनी मोबाइलवर पाठवला. जाताना ती म्हणाली, “एवढ्यावर आई मानेल की आजी फर्स्ट होती. मामा नाही मानणार,” आणि जिना उतरून गेली.

शामलाताईंनी दार लोटून घेतलं. प्रोग्राममधली ती ओळ काढली, जी पहिल्या जुळणीवर शोध थांबवत होती. मग उमाजीरावांनी दिलेलं नाव पुन्हा शोधलं. आता दोन ओळी आल्या. दुसरीचा क्रमांक चार हजार एकशे सात: शान्ता बापूराव घाटगे, इथे टाइप झालं होतं ‘बापुराव घाट्गे’, एक जोडाक्षर जास्त. जन्म दोन मार्च बेचाळीस. दाखल अठ्ठेचाळीस, तिसरीतून नाव कमी, एक्कावन्न. कारणाच्या रकान्यात ‘घरी लहान भाऊ’.

त्या जोडाक्षरामुळे पहिल्या पाच सवलतींतही ती ओळ मिळाली नव्हती. सहावी लावल्यावर मिळाली असती, पण शोध तिच्याआधी पाचशे ओळी थांबला होता.

त्यांनी माधवरावांना फोन केला. माधवराव म्हणाले, “पासपोर्ट निघाला असेल आता. राहू द्या. दीड-दोन वर्षांचा फरक आहे. कोण बघतं?”

“दाखला दुसऱ्या बाईचा आहे,” शामलाताई म्हणाल्या.

“पण म्हणजे आपण चुकीचं लिहून दिलं असं होईल.”

“तसंच झालं आहे.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या माधवगंजात गेल्या. उमाजीराव पडाव भागात जुन्या रोडवेजवाल्यांना भेटायला गेले होते. शांताताई गच्चीत उन्हात बसून एक जुना स्वेटर उसवत होत्या आणि लोकरीचा गोळा करत होत्या. ठेंगणी, सावळी बाई, डोक्यावरून शाल. शेजारी त्या दिवसाचं हिंदी वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं.

शामलाताईंनी नाव सांगितलं, कुठून आल्या ते सांगितलं. “ताई, सप्टेंबरमध्ये जो दाखला दिला ना, तो तुमचा नाही. दुसरी एक शांता होती. चूक माझी आहे.”

शांताताईंनी धागा तोडला नाही. “मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसून घ्या आधी.”

शामलाताई खुर्चीवर बसल्या. “केव्हापासून माहीत आहे?”

“उमाजीनं वाचून दाखवला तेव्हापासूनच. सातवी पास लिहिलं होतं त्यात. मी तिसरीतनं निघाले. माझा जन्म शिमग्याच्या दिवसातला, बाबा सांगायचे. त्यात ऑगस्ट होतं.”

“मग सांगितलं नाहीत?”

“तो पेढे घेऊनच वर आला होता.” शांताताईंनी गोळा मांडीवर ठेवला. “पण मी सही नाही केली हं कुठे. राजवर्धन रोज फोन करतो, फॉर्म भर, फॉर्म भर. मी म्हणते, थंडी जाऊ दे. आता थंडी गेली की काय सांगणार होते, ते काही सुचलं नव्हतं.”

शामलाताईंनी पिशवीतून नवीन कागद काढला. त्यात पानाचा फोटोही छापलेला होता. शांताताईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ वाचली. शेवटच्या रकान्यापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या.

“मास्तरांनी विचारलं होतं, का काढता. बाबांनी हेच सांगितलं. आई बाळंतपणात गेली. उमाजी आठ दिवसांचा होता.” त्यांनी कागद खाली ठेवला. “हे कारण दाखल्यात यायलाच पाहिजे का?”

“नाही. पासपोर्टला नाव, वडिलांचं नाव आणि तारीख पुरते. इयत्ता आणि कारण मी गाळून देऊ शकते.”

“तसं द्या मग.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उमाजीराव वर आले. शामलाताईंना पाहून त्यांना आनंदच झाला. “अरे, मॅडम तुम्ही! ताई, चहा नाही दिलास?” मग त्यांना मांडीजवळचा कागद दिसला आणि त्यांनी तो उचलला. शांताताईंनी हात पुढे केला, पण थोडा उशीर झाला.

उमाजीरावांनी उभ्यानेच वाचला. “हे काय आहे?”

“तो आधीचा माझा नव्हता,” शांताताई म्हणाल्या. “हा माझा.”

“तिसरी लिहिलं आहे यात.”

“हो. तिसरीच.”

“मग सातवी पास कोण?”

“दुसरी शांता,” शामलाताई म्हणाल्या. “घाडगे. ड वाली.”

उमाजीराव गच्चीच्या कठड्याला टेकले. “तू मला सांगितलं होतंस सातवी,” ते बहिणीला म्हणाले. “रोज सांगायचीस. मी शाळा सोडतो म्हटलं तेव्हा म्हणालीस, मी बाईमाणूस असून सातवी केली, तू त्याच्यापुढे तरी जा.”

“तू आठवीत होतास आणि गॅरेजात जायला निघाला होतास. मी काय सांगणार होते, मी तिसरी शिकले म्हणून?”

“मी मॅट्रिक झालो त्यानंतर.”

“झालास ना. मग?”

उमाजीरावांनी कागद पुन्हा वाचला. या वेळी शेवटचा रकाना वाचला असावा, कारण त्यांनी साल मोठ्याने म्हटलं: “एक्कावन्न.” खालच्या गल्लीतून तिळाची गजक विकणारा ओरडत गेला. उमाजीराव म्हणाले, “मी चहा सांगतो,” आणि खाली गेले. त्यांना परत यायला वेळ लागला. चहा त्यांनी स्वतः आणला, तीन कप ताटलीत ठेवून.

चहा घेऊन झाल्यावर त्यांनी खालून जुना दाखलाही आणून दिला. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला होता. “हा त्या बाईंच्या घरी द्या,” ते म्हणाले. शामलाताईंनी सांगितलं की तो कुणालाच देता येत नाही, रद्द करावा लागतो. नव्या दाखल्यातून इयत्ता आणि कारण गाळायचं ठरलं होतं, हे शांताताईंनी त्यांना सांगितलं.

“गाळू नका,” उमाजीराव म्हणाले. “जसं आहे तसं द्या.”

“अरे, पासपोर्टवाले वाचतील.”

“वाचू देत.”

शेवटी शांताताईंचं चाललं. दाखल्यात फक्त नाव आणि तारीख आली. पण पानाचा छापील फोटो उमाजीरावांनी मागून घेतला.

पासपोर्ट एप्रिलमध्ये मिळाला. शांताताई मस्कतला दोन महिने राहून आल्या. तिथे उन्हाळा फार होता, आणि राजवर्धनच्या बायकोने त्यांना मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलं. शिकल्यावर पहिला संदेश त्यांनी उमाजीरावांना पाठवला, ‘दोडका आणून ठेव’, कारण दुसऱ्या दिवशी त्या परतणार होत्या.

शामलाताईंनी आधी दिलेले सगळे दाखले पुन्हा तपासले. दोनशे चौदा होते. माधवरावांचा विरोध होता, पण रजिस्टरं ट्रस्टची असली तरी प्रोग्राम शामलाताईंचा होता. आता त्यात प्रत्येक जुळणीची नोंद होते: कितवी ओळ, कुठला रकाना, कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत जुळलं, आणि कुठल्या सवलतीमुळे जुळलं. एकापेक्षा जास्त ओळी आल्या तर सगळ्या दाखवल्या जातात, आणि दाखला मागणाऱ्या माणसाला समोर बसवून त्यातली आपली कुठली ते विचारलं जातं. याला पाऊण मिनिटाऐवजी कधी कधी दहा मिनिटं लागतात. तपासणीत आणखी तीन दाखले चुकीचे निघाले. दोन बायका हयात होत्या, त्यांना नवे दिले. तिसरीच्या घरी शामलाताई स्वतः जाऊन सुनेला भेटून आल्या. सून म्हणाली, आता काय उपयोग, आणि कागद ठेवून घेतला.

माधवराव तीन महिने रागावलेले होते. मग त्यांच्या स्वतःच्या आत्याचं नाव शोधायची वेळ आली आणि तीन ओळी आल्या. ते सेंटरवर खुर्ची ओढून बसले, तिन्ही पानांचे फोटो पाहिले, घरी फोन करून चुलतभावाला विचारलं, पुन्हा पाहिले. बराच वेळ गेला. “मधली,” ते शेवटी म्हणाले. “आमचे आजोबा सही अशीच करायचे.”

यंदाच्या जूनमध्ये दुसऱ्या एका संस्थेने मुलांच्या शाळेची जुनी रजिस्टरं शामलाताईंकडे पाठवली आहेत. पहिली चार मोडी लिपीत आहेत. शामलाताईंना मोडी येत नाही. दर शनिवारी सेंटर लवकर बंद करून त्या गोरखी महालाजवळ एका निवृत्त शिक्षिकेकडे ती शिकायला जातात.